चेंडू मावशीकडे गेला

चेंडू खाली जातो. वर येत नाही.

*

"सेमी-प्रोफेशनल म्हणजे नक्की काय गं?"

"अर्धा पगार, पूर्ण गुडघेदुखी."

*

आमच्या पहिल्या करंडकात खिळे ठेवलेले आहेत.

*

गाडी शिकवणारा माणूस बाकावर बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबतो आणि ओरडतो, "ब्रेक! अगं ब्रेक!" त्याच्यासमोर गाडी नाही.

*

तिसऱ्या रांगेत एक बाई उभी राहते, हात हलवते आणि समाधानाने खाली बसते.

*

लाकडाच्या फटीत शिरलेलं पीठ कितीही झाडलं तरी निघत नाही. त्यावर घाम पडला की पायाखाली कणीक तयार होते.

*

याचा त्याच्याशी काही संबंध दिसत नाही, मान्य. पण हे सगळं एका फळीवर उभं आहे. म्हणजे खरं तर बसलेलं आहे.

इतिहास, एका दमात

आमचा क्लब बायकांचा. तो पिठाच्या जुन्या गोदामात सुरू झाला, कारण गोदाम रिकामं होतं आणि मालकाची मुलगी उंच होती. आम्ही म्हणजे त्या त्या वर्षी जर्सीत मावतील त्या. दिवसा कोणी औषधं विकते, कोणी दात काढायला मदत करते, कोणी पत्रं वाटते. संध्याकाळी बास्केटबॉल. आमचे कोच दिवसभर लोकांना गाडी शिकवतात, त्यामुळे त्यांचा कोणावरच विश्वास उरलेला नाही.

गोदामात लाकडी जमीन घातली ती सुताराने. हा सुतार म्हणजे आमच्या आत्ताच्या कॅप्टनचा बाप. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि कॅप्टनचा पत्ता नव्हता. पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. दुसऱ्या वर्षी बाहेरचे सगळे हरलो आणि घरचे सगळे जिंकलो. हा घरच्या प्रेक्षकांच्या प्रेमाचा चमत्कार आहे असं पेपरात छापून आलं. प्रेक्षकांनी ते वाचलं आणि मग खरंच प्रेम करायला लागले. करंडक आला. तो सुताराने ठेवून घेतला. खिळ्यांना बरा पडतो म्हणाला.

खरं कारण प्रेमाहून लहान होतं. मधल्या रेषेच्या जरा अलीकडे, डावीकडे, ताटाएवढ्या जागेत चेंडू उसळत नाही. पडतो आणि पडून राहतो.

का, ते सुतार दर वर्षी नव्या मुलींना सांगतो, खुर्चीवर बसून नक्कल करत. "काम ऐन रंगात आलेलं. आमच्या मेव्हणीबाई आल्या, इथे खुर्ची टाकली आणि गप्पांना बसल्या. उठा म्हटलं, उठेनात. हलवलं, हलेनात. शेवटी मी त्यांच्याभोवतीनं काम उरकलं. खाली आधाराचं लाकूड घालायचं राहिलं ते राहिलंच. मी काय करणार? बायकोची बहीण!"

कॅप्टनची ती मावशी. म्हणून त्या जागेचं नाव मावशी. चेंडू मावशीकडे गेला की मुक्कामालाच राहतो. बाकावरून "मावशी!" अशी हाक आली की समोरचीला डावीकडे रेटायचं, बाकीचं मावशी बघून घेते.

अडचण एकच होती. खरी मावशी एकही सामना चुकवत नसे. आमच्या जर्सी तीच शिवायची, आणि शिलाईच्या पैशांची गोष्ट काढली की म्हणायची, "माझ्याच पोरी त्या." ऐन रंगात आलेल्या खेळात "मावशी! मावशी!" सुरू झालं की ती तिसऱ्या रांगेत उभी राहायची आणि हात हलवायची. इतकी वर्षं. सांगायची कोणाचीच छाती झाली नाही.

टाइमआउट

मग आम्ही वरच्या गटात गेलो. इथे आनंद संपतो.

वरच्या गटात जमिनीची तपासणी असते. खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा, तो सगळीकडे सारखा उसळला पाहिजे. नाही उसळला तर घरचे सामने नदीपलीकडच्या क्लबच्या हॉलमध्ये. ते आमचे जुने वैरी, आणि त्यांच्या बाथरूमला कडी नाही. कॅप्टनच्या गुडघ्याने हा शेवटचा मोसम आहे असं कळवून टाकलं होतं. ती वरच्या गटात खेळणार होती, पण आपल्या गोदामात खेळणार की नाही ते रविवारच्या तपासणीत ठरणार होतं.

"बाबा, ती जागा दुरुस्त करा ना."

"एक फळी उचकटली तर शेजारच्या सगळ्या उठतील," सुतार म्हणाला. "रविवारपर्यंत गोदामच राहील, कोर्ट नाही."

कोच बराच वेळ पाय दाबून बसले. मग म्हणाले, "तपासणीच्या वेळी तिथे कोणीतरी बसलेलं पाहिजे. ज्याला कोणी उठवू शकत नाही असं."

सगळ्यांनी कॅप्टनकडे बघितलं.

"नाही हं," कॅप्टन म्हणाली.

"तुझीच मावशी आहे."

मशीनवर

मावशी नव्या जर्सीचे आकडे शिवत होती.

"मावशी, एक सांगायचंय. रागावणार नाहीस ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

कॅप्टनने सांगितलं. सगळं. मध्येच मशीन थांबलं.

"म्हणजे तुम्ही ओरडता ते मला नाही."

"तसं नाही गं..."

"जमिनीला."

"तुझ्या नावानं, पण."

"आणि मी बावळटासारखी उभी राहून हात हलवते."

"छान दिसतं ते."

"गप्प बस." मावशीने आठ आकड्यावरचा दोरा उगाच तोडला. "आणि हे असं का झालं म्हणालीस? मी उठले नाही म्हणून?"

"बाबा सांगतात. त्यांची नेहमीची गोष्ट आहे ती, तू नको मनावर..."

"भावजी असं सांगतात." तिने हाताने चाक फिरवून एकच टाका घातला. "बरं. रविवारी किती वाजता बसायचं?"

तपासणी

तपासणीला आलेली बाई आमच्या कोचपेक्षा उंच होती. ती एकेकाळी नदीपलीकडच्या क्लबकडून खेळलेली, हे कळल्यावर कोचचा पाय जमिनीत रुतला. तिने चेंडू सोडत, झेलत, सोडत अख्खं कोर्ट पालथं घातलं. चेंडू शहाण्यासारखा वागला. मग ती डावीकडे वळली.

मावशी खुर्चीवर जर्सीची कड दुमडत बसली होती.

"जरा खुर्ची बाजूला घेता?"

"मी एकदा बसले की उठत नाही," मावशी म्हणाली. "विचारा ह्यांना. क्लबचा इतिहासच आहे तो."

सुतार अचानक रिंगचा खांब निरखायला लागला.

"दोनच मिनिटं हो."

"गुडघे."

"राहू दे, मावशी, तू बस," कॅप्टन घाईने म्हणाली.

ती बाई जागच्या जागी थांबली. "मावशी? म्हणजे त्या तुम्ही?"

"त्या म्हणजे?"

"फायनल होती. इथेच. आम्ही एका गुणाने मागे, चेंडू माझ्या हातात. अख्खा हॉल मावशी मावशी ओरडत होता. मला वाटलं, एवढी कोण लागून गेली? वर बघितलं तर तुम्ही. उभ्या. माझ्याकडे बघून हात हलवत होतात."

"मी सगळ्यांकडेच बघून हलवते."

"खाली बघते तर चेंडू नाही! तुमच्या पोरी तो घेऊन पलीकडे पोचल्यासुद्धा. अजून घरी टीव्हीवर कोणी हात हलवला की नवरा मला हाक मारून बोलावतो."

मावशीने नुसती खुर्ची सरकवली असती तर चेंडू जमिनीने खाल्ला हे कळून या बाईचं इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असतं. आणि आमचा तपासणीचा दाखलाही गेला असता. मावशीने तिच्याकडे बघितलं, कॅप्टनच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्याकडे बघितलं, आणि सगळ्यात जास्त वेळ भावजींकडे बघितलं.

"वर बघायचंच कशाला?" मावशी म्हणाली. "खेळताना चेंडूवर लक्ष ठेवावं."

"आमचे कोचही हेच म्हणाले होते."

"चुकलंच तुमचं." मावशीने दाताने दोरा तोडला. "पण हात मी मुद्दाम हलवला होता हं."

"मुद्दाम?"

"मग! मी काय इथे नुसती बसायला येते?"

ती बाई हसली. आली तेव्हापासून पहिल्यांदाच. चेंडू काखेत मारून म्हणाली, "जमीन ठीक आहे. खुर्चीवरची बाई तर फारच ठीक आहे." आणि सही करून निघून गेली.

गोदामात एकच गलका झाला. मावशी अजून बसलेलीच होती.

"माझी एक अट आहे," ती म्हणाली.

वरच्या गटातला पहिला सामना

घरचं गोदाम. पायाखाली थोडी कणीक. समोरची उंच मुलगी चेंडू आपटत मधल्या रेषेजवळ आली. कॅप्टनने पट्टीचा गुडघा वाकवला आणि तिला डावीकडे रेटायला सुरुवात केली. कोच बाकावरून उठले.

"भावजी!"

"भावजी! भावजी!" बाक ओरडला. मग रांगा ओरडल्या. मग सगळं गोदाम.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुताराने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बायकोने त्याला कोपर मारलं. "अहो, एवढे लोक बोलावताहेत. हलवा की हात!"

सुतार उभा राहिला. त्याने हात हलवला.

चेंडू भावजींकडे गेला आणि वर आला नाही.

शेजारी मावशी हाताची घडी घालून, मजेत, बसून होती.

जमीन घातली त्या दिवशी आधाराचं लाकूड हातभर कमी पडलं होतं, आणि सरस वाळेपर्यंत त्या फळीवर खुर्ची टाकून बसा, कोणी काही म्हणालं तरी उठू नका, असं मावशीला भावजींनीच सांगितलं होतं.