तपासला की तपासावा

देशाचे संरक्षण शेवटी एकेका अक्षरावर उभे असते, असे चौकशी अधिकारी गंभीरपणे म्हणाला आणि त्याने भिंग मागवले. विमानतळावर भिंग नव्हते. मग कॅन्टीनवाल्याचा वाचायचा चष्मा आणला आणि नोंदवही त्याच्याखाली धरली.

नोंद एका ओळीची होती. 'डावे इंजिन आचके देते. इंधनपंप तपासला.' किंवा 'तपासावा'. शेवटचा काना स्पष्ट होता. त्याआधी जे वळवळत होते तो 'ल' होता, की एक काना आणि एक 'व', यावर खोलीत दोन मते होती.

लिहिणारा मेकॅनिक समोरच उभा होता. अक्षरामुळे त्याला सगळे डॉक्टर म्हणत. युद्ध संपून तीन वर्षे झाली होती, विमाने मात्र तीच होती, आणि डॉक्टर त्यांची नाडी बघे. त्या मंगळवारी पाळी संपताना त्याने ही ओळ लिहिली. पुढच्या पाळीच्या फोरमनने 'तपासला' असे वाचून विमान सोडले. ते पुरते वर चढण्याआधीच डावे इंजिन बंद पडले आणि विमान कोबीच्या शेतात कोसळले. तिघे गेले. त्यातला वैमानिक अख्खे युद्ध अंगावर ओरखडाही न येता पार करून आला होता.

डॉक्टरने पंप न उघडताच 'तपासला' लिहिले असेल, तर ते तिघे डॉक्टरच्या माथी. त्याने 'तपासावा' लिहिले असेल, तर फोरमनच्या. डॉक्टर म्हणाला, तपासावा. फोरमन म्हणाला, तपासला, आणि तेव्हापासून डॉक्टरने आवळलेला प्रत्येक नट तो पुन्हा आवळून पाहू लागला, तेही सगळ्यांच्या देखत. कॅन्टीनमध्ये डॉक्टरच्या टेबलाजवळच्या खुर्च्या एकेक करून दुसऱ्या टेबलांना गेल्या.

अधिकाऱ्याने अक्षराचे नमुने मागवले. डॉक्टरच्या अर्जांमध्ये 'रजा मिळावी' हे 'रजा मिळाली' असे दिसत होते. त्यामुळे ती कोणी मंजूर करत बसले नव्हते, आणि डॉक्टर दर वर्षी निवांत जाऊन आला होता. यावरूनच माणूस ओळखा, असे फोरमन म्हणाला.

मग डॉक्टरची बायको न बोलावता आली. तिने पिशवीतून एक पिवळे पडलेले पत्र काढले.

"लग्नाआधी यांनी माझ्या वडिलांना लिहिलेलं आहे. यांनी लिहिलं होतं, 'फोटो पाठवावा'. वडिलांनी वाचलं, 'पाठवला'. महिनाभर आम्ही रोज पोस्टमनच्या वाटेवर. शेवटी कंटाळून लग्न लावून दिलं. नंतर यांना विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला."

अधिकाऱ्याने पत्र आणि वही शेजारी शेजारी चष्म्याखाली धरली. दोन्हीकडचे ते वळवळणे अगदी जुळ्या भावंडांसारखे होते. त्याने बराच वेळ डॉक्टरकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि पत्र पुराव्यात जमा करून घेतले. बाईंनी ते परत मागितले, तेव्हा ते आता सरकारचे आहे असे त्यांना सांगण्यात आले.

त्या संध्याकाळी आठ दिवसांनी डॉक्टर पहिल्यांदा पोटभर जेवला. पोट भरले तशी जीभही सैल सुटली.

"गंमत सांगू? फोटो मी काढलाच नव्हता. आधी तोंड दिसलं असतं तर तुझ्या वडिलांनी पत्र फाडून टाकलं असतं."

"म्हणजे तुम्ही 'पाठवला' असंच लिहिलं होतंत?"

"बावीस वर्षं झाली गं त्याला."

तिने भांड्यावर झाकण ठेवले. ते नीट बसले आहे का, हे दोनदा पाहिले.

"साहेब म्हणाले, दोन्ही अक्षरं एकच आहेत."

"मग? सुटलोच की आपण."

"आणि पंप?"

"तपासावा," डॉक्टर म्हणाला. जरा उशिराने म्हणाला.

"बरं."

त्यानंतर घरात भांडण वगैरे काही झाले नाही. फक्त डॉक्टर दार लावले म्हणाला की ती उठून कडी पाहून येई. नळ बंद केला म्हणाला की नळाखाली हात धरून येई.

चार महिन्यांनी अहवाल आला. शेतातून काढलेला पंप उघडून पाहिला होता, आणि तो ठणठणीत होता. तुटला होता इंजिनाच्या पोटातला एक दांडा. त्याची तपासणी नोंदवायला वहीत रकानाच नव्हता. सबब, दोष कोणाचाही नाही. फोरमनने डॉक्टरला चहा पाजला. खुर्च्या परत आल्या.

डॉक्टरने अहवालाची प्रत घरी आणली आणि बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले. मग हात पुसले, कागद मागून घेतला आणि खिडकीशी जाऊन स्वतः वाचला.

अहवाल टाईप केलेला होता.