मुळं नसलेले केस

छापखान्यावरच्या खोलीपासून खाली रस्त्यापर्यंत बायकांची रांग लागली होती. माकाबाबा एकेकीच्या डोक्याला हिरवट लेप थापत, कानात मंत्र पुटपुटत आणि अर्ध्या तासाने केस धुऊन आरसा पुढे धरत. पांढरे केस काळेभोर.

"माका ही दिव्य वनस्पती, माते. मंत्राने तिच्यातली शक्ती केसांच्या मुळात उतरते. मनात शंका आली, तर मात्र लेप उलटतो."

मी वीस वर्षं लोकांचे केस कापते. माक्याचं तेल मीही लावते, पण त्याने अर्ध्या तासात केस काळे झालेले कधी पाहिले नाहीत. शिवाय बाबांच्या हातांत रबरी मोजे.

"झाडपाल्याला मोजे कशाला?" मी रांगेत पुढे उभ्या असलेल्या माझ्या ताईला हळूच विचारलं.

"तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं," म्हणत ती पुढे सरकली.

लेप लावल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ताईचे डोळे उघडेनात. कपाळ सुजलेलं, कानांमागे पाणी भरलेले फोड. डॉक्टर म्हणाले, "केसांच्या काळ्या रंगातल्या रसायनाने असं होतं. काय लावलं होतं?"

"माझ्याच मनात पाप आलं असेल," ताई पुटपुटली. तिचे फोड पाहून वाटलं नव्हतं इतकं वाईट मला ते ऐकून वाटलं.

दुकानात एका आजोबांचे कापलेले पांढरे केस पडले होते. त्यांची जुडी बांधली आणि सूज उतरताच ताईला घेऊन मी बाबांच्या खोलीचा जिना चढले. कुणाला काही कळायच्या आत जुडी बाबांच्या लेपाच्या वाडग्यात बुडवली.

"लेप बाटवलास," बाबा गरजले.

"मंत्र म्हणू नका. अर्धा तास थांबू."

कुणी जागचं हललं नाही. अर्ध्या तासाने जुडी धुऊन मी वर धरली. काळीभोर.

"या केसांना मूळ नाही, मन नाही. मग शक्ती उतरली कुठे? माक्याच्या भुकटीत बाजारचा रंग कालवलाय, दुसरं काही नाही."

बाबा पिशवी उचलायला वाकले, तर एका बाईने ती आधीच ओढून उपडी केली. केसांच्या रंगाची पाकिटं जमिनीवर पसरली.

तीन बायकांच्या डोक्यावर लेप अजून ओला होता. ताईने त्यांना नळाखाली बसवलं आणि एकेकीचे केस धुता धुता सांगू लागली, "माका वाईट नाही गं. पण देणाऱ्याला आधी विचारा, यात काय काय घातलंय. डोक्याला काही लावण्याआधी डोकं चालवा."