चालून दाखव

मयुरीला धुळ्याच्या एका कॉलेजात क्लार्कची नोकरी लागली होती. दिव्यांगांच्या राखीव जागेवर, एम.कॉम. करून, स्वतःच्या हिमतीवर! अडलं होतं ते एवढंच, की जुन्या दाखल्याची मुदत संपलेली. सोमवारपर्यंत नवा द्यायचा, त्यावर चाळीस टक्के तरी अपंगत्व हवं, नाहीतर जागा दुसऱ्याला. जुन्यावर बेचाळीस होते, मग काळजी कसली? शुक्रवारी कोकिळाबाई लेकीला घेऊन दोंडाईच्याहून एसटीनं तपासणी शिबिराला आली, ती अगदी खुशीत.

कोकिळाबाई म्हणजे बाई भारी जिद्दीची. पोरीचा डावा पाय लहानपणापासून आखूड आणि अशक्त. पाहुणे बघायला यायचे, पोहे खाऊन व्हायचे, आणि कुणीतरी म्हणायचंच, "बेटा, जरा चालून दाखव." तेवढ्या दहा पावलांसाठी हिनं पोरीकडून वर्षभर घोटून घेतलं. टाच उचलायची, पदराआड हात मांडीवर दाबायचा, दम रोखायचा. पाय सुजायचा बिचारीचा. तरी मेली सात स्थळं आली तशी गेली.

शिबिरात ही गर्दी! डॉक्टर वैतागलेले. पाय मोजायचा सोडून म्हणाले, "चालून दाखव."

झालं! मयुरीची पाठ आपोआप ताठ झाली, ओढणीआड हात मांडीवर गेला, आणि पोरगी टेबलापासून दारापर्यंत अशी गेली की बघत राहावं. कोकिळाबाईचा ऊर भरून आला. हो, अभिमानानं! मग डॉक्टरांनी 'पस्तीस' म्हणत आकडा लिहिला, आणि हे चालणं आपणच शिकवलंय, हे सांगायला ती टेबलाशी धावली.

"साहेब, मनी पोर लंगडस हो! हाई बठ्ठं मीच शिकाडेल शे!"

"बरं, परत चाल."

मयुरी चालली, या वेळी जशी होती तशी, एका अंगावर झुकत, भिंत धरत. डॉक्टर हसले. "टक्के ऐकले आणि लगेच लंगडायला लागली? रोज बघतो मी ही नाटकं. पटत नसेल तर अपील करा, दोनेक महिने लागतील. चला, पुढचा!"

बाहेर येऊन कोकिळाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "मीच घालाडी तुनी नोकरी, मीच!"

मयुरी रडली नाही. पायरीवर बसून पाय चोळत म्हणाली, "माय, खरी चालनू ते त्याले नाटक वाटनं. आते खरा पाय कोनले दाखाडू मी?"

सोमवारी जागा दुसऱ्याला गेली.