आधी एक तास

प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यांवरची कार्डं भरता भरता तिचा फोन तिसऱ्यांदा वाजला. वहिनी.

"वन्सं, यांच्या स्वादुपिंडाला सूज आलीय. कालपासून दवाखान्यात नुसते कण्हतायत. तुमचं ते औषध घेऊन या."

"कुठलं औषध?"

"अहो, उंदरांना वाचवणारं! यांनी पेपरातलं कात्रण फ्रिजवर डकवलंय. आल्या-गेल्याला वाचून दाखवतात."

तिने कपाळावर हात मारून घेतला. चार वर्षं ती या दुखण्यामागे हात धुऊन लागली होती, आणि दुखण्याने गाठलं ते नेमकं दादाला!

"वहिनी, ते माणसांना अजून देत नाहीत. आणि उंदरांनाही आम्ही ते आधी देतो."

"कशाच्या आधी?"

"दुखण्याच्या. आधी औषध, एक तासाने सूज आणणारं इंजेक्शन. मग सूज कमी येते."

"म्हणजे आजारी उंदराला कधी दिलंच नाही?"

"नाही."

"मग चार वर्षं केलंत काय?"

"दवाखान्यात येते," म्हणून तिने फोन ठेवला. आजारी उंदरांना का देत नाही, हे तिने तिच्या मार्गदर्शक सरांना दोनदा विचारलं होतं. नंतर दिलं की आकडे फुसके येतात, सगळे आधीच देतात, असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता, आणि ही बया मान डोलावून मोकळी झाली होती. तिला सरांचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. "पुढच्या गटाला औषध दुखणं सुरू झाल्यावर सहा तासांनी देणार. परवानगीचा अर्ज आजच टाकते."

"निकाल बिघडेल. प्रबंध लांबेल."

"लांबू दे, सर. माणसं आधी कळवून आजारी पडत नाहीत."

अर्ज टाकून ती दवाखान्यात पोचली. तिला रिकाम्या हाताने आलेलं पाहून वहिनीने तोंड फिरवलं. दादाच्या नाकात नळी होती, ओठ कोरडे पडले होते.

"काय गं, उंदरांच्या आई," तो पुटपुटला. "मी एक तास आधी यायला हवं होतं म्हणे?"

"गप पड रे."

"त्या कात्रणाखाली पेनाने लिहून ठेव तेवढं. तुझी वहिनी रात्रभर आशा लावून बसली होती."

ती मानेनेच हो म्हणाली आणि त्याचा हात धरून बसली. द्यायला तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.