कोटावरचं पिस्तूल

लुएला प्रुइटने पिस्तुलाचा पट्टा कोटावरून आवळला, आरशात पाहिलं आणि शेरिफच्या कचेरीला एक सणसणीत शिवी हासडली. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे कामातून गेलेले, अंगात चर्चला घालायचा निळा लोकरी कोट, आणि त्यावर मेलेल्या नवऱ्याचा शिकारीचा पट्टा. ऑर्विल धिप्पाड माणूस होता, त्यामुळे पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली होती.

तिला काही हौस आली नव्हती. हॅझलेट काउंटीत पिस्तूल कमरेला लटकवून गावभर मिरवलं तर कुणी हटकत नाही. ते कोटाखाली गेलं, पर्समध्ये गेलं, की मात्र परवाना लागतो. परवाना नसेल तर गुन्हा. म्हणजे दाखवत हिंडाल तर सज्जन आणि झाकाल तर गुन्हेगार. आता डोंगरातल्या थंडीत कोटाशिवाय कोण बाहेर पडणार? आणि कोट घातला की पिस्तूल झाकलं जाणार. हे कायदे करणारे बहुधा उन्हाळ्यातच जमत असावेत.

लुएलाचा परवाना वीस वर्षं होता. नूतनीकरणाचा अर्ज तिने मुदतीच्या कितीतरी आधी दिला होता. तरी मुदत संपली, हिवाळा आला, आणि कचेरीतून प्रत्येक खेपेला वाटाण्याच्या अक्षता. कारण काय, तर ऑर्विल गेल्यावर तिला झोप लागेना म्हणून ती काउंटीच्या इस्पितळात एका समुपदेशक बाईंकडे तीनदा जाऊन रडली होती. कचेरीने इस्पितळाला विचारलं होतं, ही बाई डोक्याने ठीक आहे ना? इस्पितळाने उत्तर दिलं नव्हतं. नवरा गेल्यावर रडली नसती, दारू ढोसत बसली असती, तर परवाना चार दिवसांत घरी आला असता!

आणि पिस्तुलाशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. ड्वेन गॅडी सुटून आला होता.

ड्वेन तिचा जावई. म्हणजे होता. त्याने शेल्बीचा जबडा मोडला तेव्हा लुएलाने कोर्टात उभं राहून, त्याच्याकडे बोट दाखवून साक्ष दिली. तो आत गेला. शेल्बी लहानग्या मेसीला घेऊन डोंगरापलीकडे टेनेसीत निघून गेली. कुठे, ते एकट्या लुएलाला ठाऊक होतं. चर्चमधल्या बायकांना नाही, सख्ख्या भावाला नाही. ती नातीची पत्रंसुद्धा वाचून झाली की चुलीत घालायची. पानगळीच्या सुमारास ड्वेन सुटला आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी लावून उभा राहिला.

"कुठंय ती, एवढंच सांगा," तो म्हणाला होता. "मग मी तुमच्या वाटेला जाणार नाही."

लुएलाने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. पण तिचं काम पडलं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे घरी जाऊन केस कापायचं. दिवसभर एकटीने दऱ्याखोऱ्यांतून गाडी हाकायची, जिथे हाक मारली तर कुत्रंसुद्धा येणार नाही. शेरिफच्या माणसाकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "त्याने अंगाला हात लावला का? नाही ना? मग?" त्या 'मग'ने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरली नव्हती.

म्हणून कोटावरून पट्टा. सगळं गाव हसत होतं. वाणसामानाच्या दुकानात वरच्या फळीवरचा मक्याच्या पिठाचा डबा काढताना कोट पट्ट्यातून वर ओढला जाऊन पिस्तुलावर लोंबला, तेवढ्यात मागून हार्लन नावाचा पोलीस खाकरला. लहान असताना या पोराचे केस तिनेच कापले होते.

"मिस लुएला, कोट सांभाळा. आत्ता तुम्ही गुन्हा करताय."

"आणि आता?" तिने कोट बाजूला केला.

"आता नाही."

"आणि आता?" तिने पुन्हा झाकला.

"मिस लुएला, माझ्यावर काय चिडता? मी कायदा केलाय का?"

"नाही, तू फक्त माझ्या कंबरेकडे बघत उभा आहेस. आईला सांगते तुझ्या."

दुकानातले सगळे खो खो हसले. लुएलाला हसू आलं नाही.

त्या मंगळवारी बर्फाळ पाऊस पडत होता. ती पुन्हा कचेरीत गेली. आत शस्त्र न्यायला बंदी, म्हणून पिस्तूल गाडीतल्या पेटीत कुलपात ठेवून जावं लागे. पिस्तुलाचा परवाना मागायला जायचं ते हात हलवत. या एका गोष्टीवरून ती रोज कुणाशी तरी भांडू शकली असती.

बाकावर एकच बाई बसली होती. ओपल गॅडी. ड्वेनची आई, लुएलाची एके काळची विहीण. लग्नात दोघींनी मिळून केक केला होता, आणि खटल्यानंतर एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहिल्या नव्हत्या. ओपल बरीच वाळली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. लुएला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"गारठा आहे," ओपल म्हणाली.

"डिसेंबर आहे."

"तुझंही नूतनीकरणच का गं? माझं झालं. आत्ताच दिला त्यांनी. दोन आठवडेही लागले नाहीत बघ. देवाची कृपा."

लुएलाला वाटलं आपल्या कानांतून धूर निघतोय. "काय झालं?"

"परवाना. पिस्तुलाचा."

"तुला दिला? ज्या घरात तो राहतो त्या घरात?"

"तो माझा मुलगा आहे, लुएला. त्याला पिस्तुलाला हात लावायची बंदी आहे, तो लावत नाही. माझं पिस्तूल माझ्या पर्समध्ये असतं."

"आणि पर्स कुठे असते?"

ओपल दाराच्या काचेतून बाहेर पाहत राहिली. "न्यायला येतोय तो मला," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मला आता गाडी चालवायला दिसत नाही नीट."

नीट दिसत नाही! आणि हिच्या हातात परवाना! लुएला उठली आणि तरातरा खिडकीशी गेली. आता घाईही होती. ड्वेन यायच्या आत तिला गाडीपाशी, त्या पेटीपाशी पोचायचं होतं.

खिडकीला जाड काच होती. आवाजाचं यंत्र उन्हाळ्यापासून बंद होतं, आणि खाली कागद सरकवण्यापुरती फट. काचेपलीकडे केंड्रा नावाची तरुण पोरगी बसायची. स्वभावाने गोड, पण तिच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीतल्या माणसाशी बोलायचं.

"इस्पितळाचं उत्तर नाही आलं, मिस लुएला!" ती लुएलाला पाहताच ओरडली.

"मग त्यांना फोन कर!"

"केला! ते काम बघणारी बाई नोकरी सोडून गेली!"

"मग मी काय करू? मरू? ती बाई परत येईपर्यंत मी मरायचं थांबू का?" लुएलाने काचेवर पंजा आपटला. "वीस वर्षं परवाना आहे माझ्याकडे. एक चिमणी मारली नाही. आणि इथे ज्यांना समोरचा खांब दिसत नाही त्यांना देताय तुम्ही!"

केंड्राने इकडेतिकडे पाहिलं आणि काचेजवळ तोंड आणलं.

"तातडीचा परवाना असतो! शेरिफसाहेब आत आहेत, आत्ता सही करतील! पण धोका आहे असं दाखवावं लागतं!"

लुएला थक्क झाली. "आणि हे मला तू आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलं नाहीत!"

विचारलं नाही. महिनोन् महिने खेटे घातले, कोटावर पट्टा बांधून गावात हसं करून घेतलं, आणि म्हणे विचारलं नाही.

"कोर्टाचा मनाई हुकूम आहे. माझ्या मुलीच्या नावाने. ड्वेनने तिच्याजवळ फिरकायचं नाही म्हणून. आणि तो माझ्या दाराशी येऊन तिचा पत्ता मागतोय."

"मग झालंच की! फक्त तो अजून लागू आहे का ते मुलगी राहते तिथल्या पोलिसांना विचारावं लागेल, नोंद त्यांच्याकडे असते! मुलगी कुठल्या गावात असते?"

लुएला वाकली. गुडघ्यातून कळ आली. तिने फटीशी तोंड नेऊन हळूच गावाचं नाव सांगितलं.

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं.

"ब्राइट काय? मिस लुएला, ऐकूच येत नाही हो! मोठ्यांदा!"

कागदावर लिहून देता आलं असतं. हे नंतर कुणालाही सुचतं. त्या वेळी लुएलाच्या डोक्यात फक्त राग होता. त्या काचेचा, बंद यंत्राचा, नोकरी सोडून गेलेल्या बाईचा, हार्लनच्या खाकरण्याचा, आणि बाकावर परवाना घेऊन आरामात बसलेल्या विहीणबाईंचा. सगळ्यांचा राग एकदमच तिच्या घशात आला.

"ब्राइटन का?" केंड्रा ओरडली. "हे ब्राइटन कुठे आलं?"

"ब्रायर्टन!" लुएला ओरडली. भिंतीला टांगलेलं कॅलेंडर हललं असेल असा आवाज. "ब्रायर्टन, ब्रायर्टन! टेनेसीतलं ब्रायर्टन! बहिरी आहेस का तू?"

"हं, ब्रायर्टन!" केंड्राचा चेहरा खुलला. "मग आधीच नीट सांगायचं ना! थांबा, फोन लावते!" आणि ती आत गेली.

लुएला काचेकडे तोंड करून उभी राहिली. तिला मागे वळायचं नव्हतं. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, एकदा, मग लगेच पुन्हा.

ती वळली. ओपल उठून कोटाची बटणं लावत होती. तिची बोटं बटणांवरून घसरत होती.

"ओपल."

"मेसी सात वर्षांची झाली असेल ना आता?"

"ओपल, ऐक माझं. सांगू नकोस त्याला." आयुष्यात कधी या बाईपुढे लुएला नमली नव्हती. आता तिने ओपलच्या दोन्ही बाह्या धरल्या. "मी पाया पडते तुझ्या. तू ऐकलंच नाहीस. तुला ऐकू आलं नाही. काचेमुळे कुणालाच ऐकू येत नाही इथे."

ओपलने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कावा नव्हता, सूडही नव्हता. असता तर लुएलाला बरं वाटलं असतं. त्याच्याशी तिला भांडता आलं असतं.

"तो रोज विचारतो गं मला," ओपल हलक्या आवाजात म्हणाली. "रोज. जेवताना विचारतो, उठल्यावर विचारतो. त्याला वाटतं मला माहीत आहे आणि मी लपवतेय. मला माहीत नाही असं मी शपथेवर सांगायचे, ते खरं होतं. खरं होतं म्हणून ते बोलता यायचं." तिने आपली बाही सोडवून घेतली. मनगटाजवळ पिवळट पडलेला जुना वळ होता. "आता मला कसं बोलता येईल?"

"माझ्या घरी चल. आत्ता. माझ्या गाडीत बस."

भोंगा तिसऱ्यांदा वाजला, यावेळी लांबलचक. ओपल दचकली आणि भोंग्याच्या दिशेने चालायला लागली. सवयीने चालते तशी, मान खाली घालून.

लुएला दारापर्यंत धावली. काचेतून दिसत होतं. ओपल गाडीत बसली. ड्वेनने उशीर का झाला म्हणून विचारलं असावं, कारण ओपल बोलायला लागली, भराभर, मान हलवत. मग ती थांबली. ड्वेनने तिच्याकडे तोंड वळवलं. त्याने काहीतरी विचारलं. ओपलने दोन्ही हात पर्सवर ठेवले आणि मान खाली घातली. तो वाट पाहत राहिला. मग ओपलचे ओठ हलले. फारसे नाही, एका नावापुरते.

गाडी घराच्या रस्त्याला लागली नाही. ती हमरस्त्याकडे वळली.

"मिस लुएला!" मागून केंड्रा आनंदाने ओरडत होती. तिने परवान्याचं कार्ड फटीतून बाहेर सरकवलं होतं. "झाली सही! बघा, दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत!"

लुएलाने फोन कानाला लावला होता. तिकडे घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग शेल्बीचा हसरा आवाज आला.

"बोल गं आई. मी जरा कामात आहे."

"काम टाक. मेसीला शाळेतून उचल आणि निघ. घरी जाऊ नकोस. कपडे घ्यायलासुद्धा नको. कुठे जातेस ते मलाही सांगू नकोस."

पलीकडचं हसू विझलं.

"त्याला कळलं?"

"हो."

"कसं कळलं? आई, तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कुणी सांगितलं?"

"मी," लुएला म्हणाली. "मीच सांगितलं. ओरडून सांगितलं."

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या. फोन बंद झाला.