नळी जाते कुठे?

बॉयलर इन्स्पेक्टर निवृत्त होतो, पण त्याचा संशय काही निवृत्त होत नाही. आमचे साहेब कारखान्यांचे बॉयलर तपासता तपासता केस पांढरे करून घरी बसले, तरी कुणाकडे चहाला गेले की आधी गिझरखाली वाकून बघायचे. यजमान चहा लवकर आटपायचे.

अशा या साहेबांच्या घरी शाळेच्या सुट्टीत नऊ वर्षांची एक पोरगी राहायला आली. त्यांच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि ही सूनबाईच्या पहिल्या लग्नाची मुलगी. आजवर ती आजोळी, आजीपाशी वाढलेली. सुट्टी संपली की इथे राहायचं की आजीकडे परत जायचं, हे तिचं तिने ठरवायचं होतं. तिला कुणी गळ घालायची नाही, असं सूनबाईने घरात बजावलं होतं. साहेबांनी मान डोलावली खरी, पण पोरीने राहावं म्हणून त्यांचा जीव नुसता तुटत होता.

पोरगी त्यांना 'आजोबा' म्हणत नव्हती. काही हवं असलं तर म्हणायची, "ऐका ना." साहेबांच्या बायकोनेही त्यांना आयुष्यभर अशीच हाक मारली होती, पण तिच्या 'ऐका ना'त दटावणी असायची. पोरीच्या 'ऐका ना'त परकेपणा होता, आणि तो त्यांना टोचायचा.

एका सकाळी तीच म्हणाली, "ऐका ना, तुम्हाला बॉयलरमधलं सगळं कळतं ना? मला बाहुलीचं घर करायचंय. स्टीमपंक."

"आता हे काय नवीन?"

"त्यात सगळं वाफेवर चालतं. दिवे, पंखे, दारं, टोपीसुद्धा! पितळेच्या नळ्या, चाकं, काटे. खरं नसतं, पण खरं वाटायला हवं."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. साहेबांनी माळ्यावरून जुन्या कपाटाचा खण काढून उभा केला, दोन फळ्या ठोकल्या, की तीन मजले तयार. मग दोघांनी घरातलं भंगार उपसलं. मोडक्या छत्रीच्या काड्यांच्या जाड नळ्या झाल्या, संपलेल्या रिफिलींच्या बारीक. टूथपेस्टच्या झाकणांची व्हॉल्व्हची चाकं झाली. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातला एकेक फुगा कापून, मागे आकड्यांची चकती लावली की दाब दाखवणारं घड्याळ! रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे गोल माथ्याचे खिळे, कसे करायचे ते पोरीनेच शोधलं. पत्र्यावर डिंकाचे थेंब ओळीने सोडायचे, वाळले की सोनेरी रंग फासायचा.

गंजासाठी चहाचा चोथा वाळवून ठेवला होता. पोरगी तो मीठ भुरभुरावं तसा सगळीकडे टाकायला लागली, तेव्हा साहेबांनी हात धरला. "अगं, गंज काय वाटेल तिथे चढतो? पाणी साचतं तिथेच चढतो. सांध्याखाली टाक. आणि ज्या चाकाला रोज हात लागतो ते घासून चकचकीत कर."

पोरीने तसं केलं आणि मागे सरून बघितलं. "बाप रे, खरंच जुनं वाटतंय!" साहेबांची छाती फुगली.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग पोरीने वरच्या खोलीत एक वाकडी नळी चिकटवली.

"ही नळी जाते कुठे?" साहेबांनी विचारलं.

"कुठेच नाही. छान दिसते."

साहेबांच्या अंगावर काटा आला. जन्मभर ज्यांनी एक सांधा सैल सोडला नाही, त्यांच्या घरात कुठेच न जाणारी नळी! त्यांनी ती पंपाला जोडली. पंपाला टाकी लागली, टाकीला बॉयलर, बॉयलरला दुसरा बॉयलर, कारण पहिला बंद पडला तर? सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणून त्यांनी कुकरची शिट्टीच उचलली. स्वयंपाकघरातून सूनबाई ओरडली, "बाबा, शिट्टी कुठेय?" त्या दिवशी बटाटे पातेल्यात उकडले. साहेब कामात इतके बुडाले, की पोरगी केव्हा उठून गॅलरीत पुस्तक घेऊन बसली, हे त्यांना कळलंही नाही.

शेवटची नळी बसवून त्यांनी तिला मोठ्या थाटात हाक मारली. पोरगी बाहुली घेऊन आली. मोज्याची बाहुली, डोळ्यांवर बाटलीच्या कड्यांचा चष्मा. तिने बाहुली वरच्या मजल्यावर ठेवून पाहिली. बॉयलर. मधल्या मजल्यावर पंप. खाली टाकी.

"ही झोपणार कुठे?" तिने विचारलं. "इथे कुणाला राहायला जागाच नाही," असं म्हणून ती बाहुली खिशात घालून निघून गेली.

ज्या पोरीने राहावं म्हणून देव पाण्यात ठेवले होते, तिच्याच बाहुलीला साहेबांनी घराबाहेर काढलं होतं. स्वतःचाच त्यांना भयंकर राग आला. थोड्या वेळाने पक्कड घेऊन ते गॅलरीत गेले.

"चुकलं माझं. चल, तू सांगशील ते काढतो."

पोरगी आत येऊन घरासमोर वाकली आणि तिने तपासणी सुरू केली. "हा बॉयलर काढा. इथे पलंग हवा. हा पंप काढा, इथे जेवायचं टेबल. टाकीच्या जागी न्हाणीघर."

साहेब एकेक उपटत गेले. "बरंच आहे," ते खाली बघत म्हणाले, "हलकं झालं की आजीकडे न्यायला बरं." गळ घालायची नाही हे त्यांनी पाळलं.

"आजीकडे कशाला?" पोरगी म्हणाली. "एवढं सगळं सुट्टीत होणार आहे का? इथली शाळा सुरू झाली की रोज घरी आल्यावर थोडं थोडं करायचं. आणि ऐका ना आजोबा, मी शाळेत असताना तुम्ही एकट्याने काहीही चिकटवायचं नाही. एक नळीसुद्धा नाही. कळलं?"

"कळलं," साहेब म्हणाले, आणि हातातली पक्कड तशीच घेऊन स्वयंपाकघराकडे पळाले. "सूनबाई, ऐकलंस का? मला बंदी घातलीये गं, बंदी!"