भोंग्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता आणि त्याबद्दल अजून कुणी माझी माफी मागितलेली नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी थेट भाजीबाजारात आलो. टोमॅटोच्या लिलावात भाव पुकारणाऱ्या माणसाच्या हाती पडलो. सारा बाजार त्याला 'तोफदादा' म्हणे. खरं तर त्याला माझी गरजच नव्हती. पण हातात भोंगा असला की माणूस रुबाबदार दिसतो. आमच्या जोडीचं मोठं कौतुक व्हायचं.

मग एका हिवाळ्यात त्याचा आवाज बसला. आठवड्यांमागून आठवडे गेले, तरी घोगराच. तोफदादा मला हलवून म्हणाला, "या भोंग्यातच खरखर आहे."

त्याने मला दुरुस्तीला नेलं. माझे सेल बदलले, वायर बदलली, शेवटी आतला पडदाही बदलला. माझं पोट इतक्यांदा उघडलं की स्क्रू ढिले झाले. हा गडी मात्र डॉक्टरसमोर स्वतःचं तोंड एकदाही उघडेना. गिळताना दुखलं की चहाला नावं ठेवी. खरखर माझी नव्हती, हे मला कळत होतं. पण भोंग्याला स्वतःचा आवाज कुठला? मला त्याची फार काळजी वाटू लागली.

अखेर त्याने मला भंगारात काढायचं ठरवलं. तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. तिने मला उचललं, बटण दाबलं आणि म्हणाली, "अहो, आज डॉक्टरकडे चला. नाहीतर मी रोज इथे येऊन असंच बोलेन."

शब्द न् शब्द पार बटाट्याच्या गाळ्यांपर्यंत पोचला. खरखर नावालाही नव्हती. बाजार खो खो हसला.

"म्हणजे... भोंगा चांगलाय?" तोफदादाने हळूच विचारलं.

"भोंगा चांगलाच आहे. तुम्ही चला."

डॉक्टरांना त्याच्या स्वरयंत्रावर कॅन्सरची बारीकशी गाठ सापडली. ती लवकर सापडली, म्हणून तो उपचारांनी बरा झाला. त्याची वर्षानुवर्षांची तंबाखूही सुटली. आता त्याचा आवाज जरा नाजूक झालाय, त्यामुळे त्याला माझी खरोखरच गरज लागते. लपवू कशाला, मला त्याचा आनंदच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल, तोंडातली जखम भरत नसेल किंवा मानेवर गाठ हाताला लागत असेल, तर त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. ऐकत नसतील, तर मला न्यायला या. सेल नवे आहेत.